गारवा कुणाच्या जिवावर?

विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, धनिय नावाच्या भिक्खूची हकिकत येते. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळच्या इसिगिली डोंगराच्या उतारावर गवताची कुटी बांधून तो राहत होता. पावसाळा सरल्यावर बाकीचे भिक्खू आपापल्या कुट्या उतरवून चारिकेला निघून गेले, धनिय मात्र तिथेच राहिला. तो गावात भिक्षेला गेला की गवत आणि जळण गोळा करणाऱ्या बायका त्याची कुटी मोडून सगळे घेऊन जात. असे तीन वेळा झाले. मग त्याने घराण्याचे कसब कामी लावले. चिखल तुडवून जमिनीपासून माथ्यापर्यंत सगळी कुटी मातीचीच उभी केली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. ती तांबडीलाल आणि देखणी झाली. बुद्धांनी गृध्रकूट डोंगरावरून उतरताना ती पाहिली आणि मोडून टाकायला सांगितली, कारण ती भाजताना किती जीव होरपळले असतील याची कणव या माणसाला आली नव्हती. पुढे धनियाने लाकडाची कुटी करायचे ठरवले आणि राजाची परवानगी आहे असे सांगून बिंबिसाराच्या कोठारातले लाकूड नेले. राजाने त्याला समज देऊन सोडले, पण न दिलेली वस्तू घेण्याबद्दलचा संघाचा सर्वांत कडक नियम याच प्रसंगातून आला. गवत टिकले नाही, मातीने जीव घेतले, लाकूड परक्याचे निघाले. एका माणसाच्या निवाऱ्याची सामग्री या कथेत तीनदा पारखली जाते आणि तिन्ही वेळा कसोटी वेगळी असते.

या कथेवरून कुणी असे समजेल की बौद्ध विनयाला निवाऱ्यातले सुखच मान्य नाही, तर ते चूक ठरेल. त्याच विनयात शयनासनाच्या प्रकरणात गवताने शाकारलेल्या विहारांबद्दल तक्रार नोंदलेली आहे, की ते थंडीत थंड आणि उन्हाळ्यात गरम होतात. त्यावर गवत नीट बांधून आतून-बाहेरून लिंपण्याची परवानगी दिली गेली. म्हणजे उष्णता अडवणारा थर घालणे हे तपाला बाधक मानलेले नाही. भिक्खूलाही उन्हापासून आडोसा हवा हे मान्यच आहे. आक्षेप आहे तो आडोसा कशाचा केला आणि तो करताना कोण भरडले गेले याकडे पाठ फिरवण्याला. हा भेद आजच्या घरबांधणीत फार कामाचा आहे. थर्माकोल, ग्लासवूल, रॉकवूल, पफ (पॉलियुरेथेनचा फोम), एक्सपीएस (पॉलिस्टायरीनचा फोम), फोम काँक्रीट अशी नावे आणि चौरस फुटाचे दर घेऊन दुकानदार समोर उभा राहतो, तेव्हा यांतले कोणते निवडावे हा हिशोबाचा प्रश्न आहे असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे की यातला हिशोबाचा भाग फार लवकर संपतो. त्यानंतर जे उरते ते धर्माच्या, म्हणजे आपण दुसऱ्याचे काय देणे लागतो याच्या कक्षेत येते.

आधी हिशोबच पाहू. बाजारातली बहुतेक सगळी उष्णतारोधके एकाच गोष्टीच्या बळावर काम करतात, ती म्हणजे कोंडून स्थिर केलेली हवा. लोकर, कापूस, भाताचे तूस, काचेचे तंतू, थर्माकोलचे मणी, सगळ्यांचे काम हवेला हलू न देणे एवढेच. पफसारख्या फोमच्या बारीक कप्प्यांत हवेऐवजी दुसरा वायू भरलेला असतो, म्हणून तो थोडा सरस ठरतो. आता दीडशे मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा उघडा स्लॅब घ्या. आत-बाहेर एका अंशाचा फरक असला तर त्याच्या दर चौरस मीटरमधून साडेतीन वॉटच्या आसपास उष्णता वाहते. केंद्र सरकारच्या 2018 च्या इको निवास संहितेने छतासाठी 1.2 वॉटची मर्यादा घातली आहे. तिथवर उतरायला पफचा साधारण 14 मिलिमीटर, थर्माकोलचा 19 आणि रॉकवूल किंवा ग्लासवूलचा 22 मिलिमीटर थर पुरतो. प्रत्यक्षात शहाणा माणूस याहून जाड थर घालतो आणि त्याने घालावाच. पण उत्तम आणि साधारण यांतला फरक किती? 8 मिलिमीटर, बोटाच्या रुंदीपेक्षा कमी. थोडी जाडी वाढवली की यांतले कोणतेही उष्णतारोधक दुसऱ्याची बरोबरी करते. मग आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, किती हे विचारून निवड होत नाही. हा माल कुणी बनवला, कुणी श्वासात घेतला, आग लागली तर तो कसा वागेल, त्यातला वायू कुठे जाईल आणि चाळीस वर्षांनी तो काढताना काय होईल, या बाबतीत मात्र या वस्तूंमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथे पहिला आक्षेप येतो: हे सगळे तज्ज्ञांचे आणि सरकारचे काम, घर बांधणाऱ्याने त्याचा भार कशाला घ्यावा? अॅस्बेस्टॉसचा इतिहास या आक्षेपाला पुरेसा आहे. विसाव्या शतकात बॉयलर, वाफेचे नळ, जहाजे, शाळा आणि घरांची छते यांवर उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉस घातले गेले. स्वस्त, न जळणारे, टिकाऊ. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात अॅस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली कर्शॉ ही कामगार स्त्री 1924 मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिच्या फुफ्फुसांत हे तंतू रुतलेले होते. डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तिचे प्रकरण प्रसिद्ध केले. 1931 मध्ये ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या धुळीवर नियम आले. 1964 मध्ये अमेरिकेत डॉ. आयर्विंग सेलिकॉफ यांनी इमारतींत इन्सुलेशन बसवणाऱ्या कामगारांमधल्या कर्करोगाचे प्रमाण मांडले. आणि ब्रिटनने संपूर्ण बंदी घातली 1999 मध्ये. कुक यांच्या नोंदीपासून बंदीपर्यंत पंचाहत्तर वर्षे गेली, तीही तज्ज्ञ गप्प होते म्हणून नव्हे. ते बोलत होते आणि माल विकला जात होता. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तंतू शरीरात गेल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी उमटतो, त्यामुळे विकत घेणाऱ्याला मरणारा कधी दिसलाच नाही. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातल्या लिबी गावात व्हर्मिक्युलाइटची खाण होती. तिथला माल लाखो घरांच्या माळ्यांवर हलके, स्वस्त इन्सुलेशन म्हणून ओतला गेला. त्यात अॅस्बेस्टॉसची भेसळ निसर्गतःच होती. खाणकामगारांच्या कपड्यांवरून ती धूळ त्यांच्या बायकामुलांपर्यंत पोहोचली. खाण 1990 मध्ये बंद झाली. तिथे सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर व्हायला 2009 उजाडले.

आपल्याकडे ही गोष्ट जुनी झालेली नाही. ज्याला आपण नुसता सिमेंटचा पत्रा म्हणतो, तो कित्येकदा अॅस्बेस्टॉस मिसळलेला असतो. भारतात या खनिजाच्या खाणकामाला परवानगी राहिलेली नाही, पण क्रिसोटाइल जातीचे अॅस्बेस्टॉस परदेशातून येते आणि त्याचे पत्रे चाळी, गोठे, गोदामे, शाळांच्या शेड यांवर चढतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अॅस्बेस्टॉसच्या सगळ्या जाती मानवी कर्करोगाला कारण ठरवल्या आहेत, क्रिसोटाइलसह. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे सांगितले आणि अॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षे जपण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षे हा आकडा वाचताना मन थबकले पाहिजे. विषाला उमटायला किती वेळ लागतो हे न्यायालयाला ठाऊक होते, म्हणून तो आदेशात आला. पत्रा अखंड असेल तोवर तंतू सिमेंटमध्ये बांधलेले असतात हे खरे. पण पत्रा कापावा लागतो, त्याला भोके पाडावी लागतात, वादळात तो फुटतो, शेवटी तो फोडून काढावा लागतो. ही कामे करतो तो मिस्त्री किंवा हेल्पर, तोंडाला फार तर रुमाल बांधून. धनियाच्या भट्टीत होरपळलेल्या जिवांसारखाच तो कुटीच्या मालकाच्या नजरेआड असतो.

यावर प्रामाणिक माणूस विचारील, की आज निर्दोष वाटणारा पदार्थ उद्या घातक ठरणार नाही याची खात्री काय? अज्ञानातून झालेल्या हिंसेचा दोष कुणाला लावायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला एका वाक्यात वाटेला लावता येणार नाही. जैन आणि बौद्ध परंपरांनी न कळत झालेल्या हिंसेचा पुष्कळ विचार केला आहे. विनयात तर अनेक नियमांमागे जाणून केले की नकळत, ही चौकशी असते. माझ्या मते इथे दोन प्रकारचे अज्ञान वेगळे केले पाहिजे. एक, जे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते ते. दुसरे, जे कळत होते पण विचारायचे नाही असे ठरवले होते ते. पहिल्याला दोष लावता येत नाही, दुसऱ्याला लावावाच लागतो. शंका आहे म्हणून प्रत्येक वस्तू टाकून द्यायची गरज नाही, हेही तितकेच खरे. ग्लासवूलवर एके काळी कर्करोगाचा संशय होता. पुढे अधिक अभ्यास झाले आणि 2001 मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने इन्सुलेशनच्या ग्लासवूलला संशयितांच्या यादीतून बाहेर काढले. ते बसवणाऱ्याच्या कातडीला खाज सुटते, घशात टोचते, त्यासाठी मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, आणि ते देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. पण अॅस्बेस्टॉस आणि ग्लासवूल दोन्ही तंतूच आहेत म्हणून दोन्हींना एका पारड्यात घालणे हा सत्याशी द्रोह होईल. करुणेला माहितीची जोड लागते. ती नसली तर करुणेची जागा भीती घेते.

आगीचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण तिथे निवडणारा वेगळा आणि जळणारा वेगळा. 14 जून 2017 च्या रात्री लंडनमधला ग्रेनफेल टॉवर हा चोवीस मजली रहिवासी मनोरा पेटला आणि 72 माणसे गेली. इमारतीची ऊर्जा वाचावी आणि ती दिसायला बरी व्हावी म्हणून थोड्याच काळापूर्वी तिच्या बाहेरून फोमचे उष्णतारोधक बसवले होते आणि त्यावर आत पॉलिथिलीन भरलेले अॅल्युमिनियमचे पत्रे. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग बाहेरच्या या पत्र्यांनी वरपर्यंत नेली. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीच्या सप्टेंबर 2024 मधल्या अहवालाने हे पत्रे आणि हे उष्णतारोधक बनवून विकणाऱ्यांच्या पद्धतशीर अप्रामाणिकपणावर बोट ठेवले. तिथले भाडेकरू आधीपासून इमारतीच्या सुरक्षिततेबद्दल तक्रारी करत होते. त्यांच्या भिंतीवर काय चढवायचे हे ठरवताना त्यांचा शब्द चालला नाही. यावरून फोम म्हणजे पाप असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. तोच थर्माकोल किंवा एक्सपीएस गच्चीच्या काँक्रीटवर घालून त्यावर जाड कोबा टाकला तर खाली-वर न जळणारा थर येतो आणि धोका फार कमी होतो. उंच इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, मागे हवेची पोकळी ठेवून, जळणारा फोम लावला तर तीच वस्तू चिमणीतल्या इंधनासारखी वागते. तिथे रॉकवूल घातले पाहिजे, महाग पडले तरी. वस्तू निर्दोष की दोषी हे ती कुठे आणि कुणाच्या डोक्यावर बसते यावर ठरते, आणि ज्याच्या डोक्यावर ती बसते त्याला विचारल्याशिवाय केलेली निवड धनियाने नेलेल्या राजाच्या लाकडाच्या जातीची आहे.

चौथी बाजू हवेची. तिथे इजा होणाऱ्याला चेहरा नाही आणि म्हणून 'माझ्या एका घराने काय होणार' हा आक्षेप सर्वांत जोरात तिथेच ऐकू येतो. फोम फुगवायला वायू लागतो. पूर्वी तो सीएफसी-11 असे आणि त्याने ओझोनचा थर विरळ केला. 1987 च्या माँट्रियल करारानंतर त्यावर जगभर बंदी आली. तरी 2012 नंतर हवेतल्या सीएफसी-11 ची घट मंदावलेली शास्त्रज्ञांना दिसली. 2019 मध्ये त्यांनी माग काढला तो पूर्व चीनमधल्या शांतुंग आणि हपै प्रांतांपर्यंत, आणि वापर होता घरांच्या इन्सुलेशनच्या फोमसाठी. छोट्या-छोट्या कारखान्यांनी स्वस्त पडते म्हणून केलेले काम होते ते. एकेका घराचे योगदान नगण्य, आणि तरी ते दूरच्या बेटांवरच्या यंत्रांना मोजता आले. हे उदाहरण एका घराने काही होत नाही या समजुतीचे उत्तर आहे. भारताने 2020 च्या सुरुवातीपासून फोममध्ये सीएफसीनंतर आलेला एचसीएफसी-141बी हा वायू वापरणे बंद केले, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या जागी आलेल्या काही वायूंनी ओझोनला धक्का लागत नसला तरी तापमानवाढीला हातभार लागतोच. साध्या थर्माकोलमध्ये पेंटेन वापरतात, तो यात पुष्कळ सौम्य. कोणत्या वायूने फुगवले आहे हे विक्रेत्याला विचारता येते, आणि त्याला सांगता येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

मग हे सगळे कारखान्यातले पदार्थ सोडून मातीकडेच का जाऊ नये? मराठी मनाला हा प्रश्न जवळचा आहे. मराठवाड्यातले माळवद, हातभर जाडीच्या भिंती, वरची पांढरी माती यांच्या गारव्याची आठवण अजून लोकांच्या तोंडी आहे. सेवाग्रामच्या बापूकुटीत माती, बांबू आणि कौले यांवर वर्ध्याचा उन्हाळा निभावला जात असे. या घरांबद्दल मला आदर आहे. पण माती खऱ्या अर्थाने उष्णतारोधक नाही. ती उष्णता साठवते आणि उशिरा सोडते, म्हणून दुपार गार जाते. वर सांगितलेली 1.2 ची मर्यादा नुसत्या मातीच्या थराने गाठायची तर स्लॅबवर फूटभराहून अधिक माती घालावी लागेल. आणि जड माती डोक्यावर घेण्याची किंमत आपण मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे 8,000 माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपेतल्या कुटुंबांवर कोसळली. जे छत पिढ्यान्पिढ्या ऊन अडवत आले होते, तेच त्या पहाटे जीवघेणे ठरले. नैसर्गिक आहे, परंपरेचे आहे, गावातले आहे, ही कारणे चांगली आहेत, पुरेशी नाहीत. मातीलाही तीच कसोटी लावली पाहिजे: तिच्याखाली कोण झोपणार आहे आणि जमीन हलली तर ती कशी वागेल. हलक्या छपरासह, नीट बांधलेल्या, भूकंपरोधक पट्टे घातलेल्या मातीच्या भिंती या कसोटीला उतरू शकतात. जुने माळवद जसेच्या तसे उतरत नाही.

आता सर्वांत मूलभूत आक्षेप. विनयाचे नियम भिक्खूंसाठी आहेत, गृहस्थाला ते कशाला? नियम लागू होत नाहीत हे बरोबर. गृहस्थाने घराला फोम लावला म्हणून त्याला कुणी संघातून काढणार नाही. पण नियमामागचे कारण भिक्खूपुरते नाही. आपले सुख आपल्या भिंतीपाशी संपते, त्या सुखाचे परिणाम मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत, हे ते कारण आहे, आणि गृहस्थाची भिंत भिक्खूच्या कुटीहून कितीतरी मोठी असते. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता उपसतो, त्यात स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालतो आणि सगळी बाहेर गल्लीत सोडतो, जिथे समोरच्या खोलीत एसी नसलेले कुटुंब खिडकी उघडून बसलेले असते. ती वीज बहुतांशी कोळशाची. चंद्रपूरचे 2,920 मेगावॉटचे औष्णिक केंद्र महाराष्ट्राला वीज देते आणि चंद्रपूर हे आधीच देशातल्या अति तापणाऱ्या शहरांपैकी एक. छतावर थर घालून जी उष्णता मुळात आत येऊच दिली नाही, ती कुणावर फेकावीही लागत नाही. दुसऱ्यावर भार न टाकता स्वतःचे सुख वाढवणारे उपाय माणसाला फार थोडे मिळाले आहेत. चांगले उष्णतारोधन त्यांतले एक आहे, आणि म्हणूनच त्याची सामग्री निवडताना त्याचे हे शील मोडता कामा नये. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवले होते की इंजिने कमी कोळशावर चालू लागली तरी एकूण कोळसा अधिकच जळतो, कारण स्वस्त झालेली गोष्ट माणूस जास्त वापरतो. घर चांगले झाकले म्हणून एसी 24 वरून 18 वर नेला तर तेच होईल. अपरिग्रहाची जागा कोणताही थर घेऊ शकत नाही, हे मान्य. पण ज्याच्या घरी एसीच नाही, त्याच्या पत्र्याखाली गारवा आला तर उधळायला तिथे काहीच नसते. त्याची मुले दुपारी झोपू शकतात, एवढाच त्याचा परिणाम.

त्याला हे परवडणार कसे, हा प्रश्न रास्त आहे. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला, आणि पुढे झोपड्यांची छते पांढरी करण्याचे काम त्याला जोडले गेले. चुन्याचा हात किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग हे उष्णतारोधन नव्हे, पण ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी पाऊल आहे. ते पहिले. मग गच्चीवर चायना मोझाइक, सावलीची जाळी, वेली. मग थर: काँक्रीटच्या गच्चीवर कोब्याखाली थर्माकोल किंवा फोम काँक्रीट, पत्र्याच्या शेडखाली फॉइल लावलेले ग्लासवूल किंवा लाकडी भुशाचे बोर्ड, उंच इमारतीच्या बाहेर फक्त न जळणारे. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे वारा खेळता ठेवणे याहून महत्त्वाचे, आणि विदर्भात रात्री खिडक्या उघडल्या नाहीत तर चांगल्या झाकलेल्या घरातही दिवसाची उष्णता कोंडून राहते. ज्याची ऐपत आहे त्याने आपल्या घराबरोबर आपल्याकडे काम करणाऱ्यांच्या खोलीच्या छताचाही विचार करावा. विश्वस्त वृत्ती ही गांधींनी सांगितलेली गोष्ट मोठ्या उद्योगपतींपुरती नाही.

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आणि उष्णतारोधनाचे कोटेशन येईल, तेव्हा दरासोबत चार गोष्टी लेखी मागा: थरात कोणता पदार्थ आहे, त्याच्या आगीच्या चाचणीचा दाखला, तो कोणत्या वायूने फुगवला आहे आणि बसवणाऱ्या कामगारांना कोणते संरक्षण मिळणार आहे. आणि अॅस्बेस्टॉसच्या आयातीवर देशात बंदी यावी यासाठी आपल्या खासदाराला पत्र लिहा. युरोपीय संघ, जपान, ऑस्ट्रेलिया यांनी ती घातली आहे. ती येईपर्यंत नव्या घरावर, गोठ्यावर, शाळेच्या शेडवर अॅस्बेस्टॉसचा पत्रा चढवू नका. जुना काढायचा असेल तर कामगाराला चांगला मास्क द्या, पत्रा आधी पाण्याने भिजवा, अखंड उतरवा आणि त्यावर ग्राइंडर चालवू देऊ नका.